व्याज हक्काचं, भरपाई पुराव्याची



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना भाषण ऐकण्यापेक्षा कुणाचा तरी अर्ज दुरुस्त करून देणं अधिक आवडायचं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ते पहिला प्रश्न विचारत, ‘नेमकं काय हवंय?’ बहुतेक जण गडबडून म्हणत, ‘न्याय हवाय.’ त्यावर सर म्हणत, ‘तो कुठल्या रकान्यात लिहू?’ हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. बिल्डरविरुद्धच्या भरपाईच्या कितीतरी तक्रारी त्या रकान्यापाशीच अडखळतात. म्हणून आज कायद्याचं कौतुक किंवा बिल्डरांची निंदा यात वेळ न घालवता मी त्या रकान्याबद्दल बोलणार आहे. तो कसा भरायचा, आणि पलीकडे बसलेला अधिकारी तो कसा वाचतो.

मागची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात फ्लॅट घेणाऱ्यांसाठी १९६३ पासून मोफा कायदा होता. ताबा ठरल्या तारखेला दिला नाही तर पैसे नऊ टक्के सरळव्याजाने परत, असं त्याच्या कलम ८ मध्ये लिहिलेलं होतं. लिहिलेलं होतं, पण ते वसूल करायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे आणि दिवाणी दावा म्हणजे काय ते या सभागृहात सांगायला नको. पुढे ग्राहक मंच आले. १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ‘सेवा’ ठरवली आणि ग्राहकाच्या मनस्तापालाही मोल असतं हे मान्य केलं. मग २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला, म्हणजे आपला ‘रेरा’. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. त्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाची, म्हणजे महारेराची, स्थापना त्याच वर्षीच्या मार्चमधली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात हा कायदा वैध ठरवला. मुदतवाढीच्या वादाचंही उत्तर त्या निकालात आहे. बिल्डरने नोंदणी करताना महारेराला नवी तारीख कळवली, म्हणून ग्राहकाशी केलेल्या करारनाम्यातली जुनी तारीख पुसली जात नाही. आजही सुनावणीत ‘आमची महारेराची मुदत अजून संपलेली नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांना हा निकाल दाखवावा.

आता मुद्द्याचं. घर वेळेवर मिळालं नाही की ग्राहक एका दमात तीन गोष्टी मागतो. पैसे परत द्या, व्याज द्या, भरपाई द्या. त्याच्या मनात या तिन्ही एकाच रागाच्या आहेत. कायद्यात मात्र त्यांची दालनं वेगळी आहेत. परतावा आणि विलंबाचं व्याज महारेरा प्राधिकरणाकडे मागायचं. भरपाई किती, हे ठरवण्याचा अधिकार फक्त न्यायनिर्णायक अधिकाऱ्याला आहे. वकिलांच्या तोंडी याला ‘ए.ओ.’ म्हणतात. कलम ७१ नुसार हा अधिकारी जिल्हा न्यायाधीश असलेला किंवा राहिलेला असावा लागतो. सुरुवातीच्या वर्षांत वेगवेगळ्या राज्यांत यावर बराच गोंधळ होता. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ पक्की आखून दिली. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की, ठरल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त आहे. बिल्डरची अडचण खरी होती की खोटी, याने त्या हक्कात फरक पडत नाही.

बिनशर्त हा शब्द लक्षात ठेवा, कारण तो परतावा आणि व्याजापुरताच आहे.

व्याजाचं गणित सोपं आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर, म्हणजे बँकेच्या निधीच्या खर्चावरून ठरणारा कर्जाचा दर, अधिक दोन टक्के, आणि ग्राहक हप्ता चुकवेल तर त्यालाही हाच दर. पूर्वीचे करारनामे आठवून पाहा. ग्राहकाने उशीर केला तर वर्षाला अठरा टक्के आणि बिल्डरने केला तर चौरस फुटाला महिना पाच रुपये! समजा, कुणी साडेसहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटसाठी ४८ लाख रुपये भरून बसला आहे. त्या कलमाने त्याला महिन्याला ३,२५० रुपये मिळतील. रेराच्या हिशेबाने, दर अगदी दहा टक्के धरला तरी, महिन्याला चाळीस हजार. बंगळुरूच्या एका प्रकल्पातल्या तीनशेहून अधिक ग्राहकांचं प्रकरण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघालं, तेव्हा हाच पाच रुपयांचा दर समोर होता. न्यायालयाने तो अंतिम मानला नाही आणि त्याखेरीज सहा टक्के व्याज द्यायला लावलं. ताबा घेतला किंवा खरेदीखत करून घेतलं म्हणून विलंबाच्या भरपाईचा हक्क सोडला असं होत नाही, हेही त्याच निकालातलं. ‘आधी तक्रार मागे घ्या, मग किल्ली देतो’ ही भाषा ऐकलेल्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं.

तर व्याजासाठी तुम्हाला करारनाम्यातली तारीख आणि भरलेल्या पैशांच्या पावत्या एवढंच दाखवायचं असतं. भरपाईचं तसं नाही. ती कोणकोणत्या कारणांनी मागता येते ते कायद्यात ठरलेलं आहे. जाहिरातीत किंवा माहितीपुस्तिकेत खोटं सांगितलं, तर कलम १२. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, बिल्डरला कळवलं आणि तीस दिवसांत त्याने स्वखर्चाने दुरुस्त केला नाही, तर कलम १४. ताब्याला उशीर झाला किंवा करारातली इतर बंधनं मोडली, तर कलम १८. जमिनीची मालकीच सदोष निघाली तरी कलम १८, आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. ग्राहकाचे हक्क कलम १९ मध्ये आहेत. यापैकी कलम १४ कडे लोक फार कमी वळतात याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. दुसऱ्या पावसाळ्यात बेडरूमची भिंत ओली होते, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शंभर मेसेज पडतात, साइट इंजिनिअर येऊन ‘बघतो’ म्हणून जातो आणि पाहता पाहता पाच वर्षं उलटतात. बिल्डरला तारीख घालून एक ईमेल मात्र कुणी केलेला नसतो. तीस दिवस मोजायचे कुठून?

आता सुनावणीच्या खोलीत जाऊ. कोविडनंतर ही ‘खोली’ बहुधा लॅपटॉपच्या पडद्यावर असते. एका सुनावणीत माझ्या आधीचं प्रकरण चालू होतं. तक्रारदार बाई स्वतःच बाजू मांडत होत्या. अर्जात लिहिलं होतं, मानसिक व शारीरिक त्रासापोटी पंचवीस लाख. अधिकारी शांतपणे विचारत होते, ‘या काळात राहत कुठे होता?’ ‘भाड्याने.’ ‘लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे?’ ‘घरमालक ओळखीचे होते, करार केला नाही.’ ‘भाडं बँकेतून द्यायचा का?’ ‘रोख.’ बाई खरं बोलत होत्या, हे पडद्यावर बसलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. पण आदेशात ‘दिसत होतं’ असं लिहिता येत नाही. पुढच्याच प्रकरणात एक निवृत्त बँक कर्मचारी होते. त्यांनी भाड्याचे नोंदणीकृत करार, दरमहा एनईएफटीच्या नोंदी, बांधकामाचा टप्पा पुरा झाल्याचं सांगून आलेली डिमांड लेटर्स आणि त्याच तारखांना साइटचे काढलेले फोटो, सगळं वर्षवार लावून अपलोड केलं होतं. त्यांनी मागितलेली रक्कम बाईंच्या मागणीच्या पाव हिश्शाहूनही कमी होती. बिल्डरच्या वकिलाला त्या रकमेवर बोलायला फारसं काही उरलं नव्हतं.

या दोन प्रकरणांतला फरक कलम ७२ मध्ये आहे. भरपाई ठरवताना अधिकाऱ्याने काय पाहायचं ते तिथे सांगितलं आहे. कसुरीमुळे बिल्डरला मिळालेला गैरवाजवी फायदा, जिथे मोजता येईल तिथे. कसुरीमुळे ग्राहकाचं झालेलं नुकसान. कसूर पुन्हा पुन्हा घडते का. आणि न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटतील त्या इतर बाबी. लोक दुसऱ्या बाबीवर भर देतात आणि पहिली व तिसरी मोकळी सोडतात. माझ्या मते खरा जोर तिथेच लावता येतो. तुमचं बुकिंग रद्द करून तोच फ्लॅट चढ्या भावाने दुसऱ्याला विकला असेल, तर दुय्यम निबंधकाकडच्या इंडेक्स टूमध्ये ती किंमत आहे. हा झाला मोजता येणारा फायदा. त्याच बिल्डरच्या आणखी तीन प्रकल्पांविरुद्ध आदेश निघाले असतील, तर ते महारेराच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. ही झाली पुन्हा पुन्हा घडणारी कसूर. दोन्ही पुरावे सार्वजनिक आहेत. त्यासाठी वशिला लागत नाही, फक्त एखादी दुपार द्यावी लागते.

बिल्डरच्या बाजूचा युक्तिवादही ऐकायला हवा, कारण तो दर वेळी पोकळ नसतो. ते म्हणतात, व्याज दिलं की नुकसान भरून निघालं, वर भाडं कशाला, गृहकर्जाचं व्याज कशाला, मनस्ताप कशाला? २०१९ मध्ये पंचकुलाच्या एका प्रकल्पाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, भरपाई म्हणून व्याज दिलेलं असताना वेगवेगळ्या नावांनी आणखी रकमा देणं योग्य नाही. त्याआधी २००४ च्या गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या खटल्यात दुसरी बाजू आली होती. सगळ्यांना एकच दर लावू नका, ज्याला घर मिळतंय त्याच्या पदरात वाढलेली किंमत पडते, म्हणून त्याची भरपाई कमी असेल. ज्याला नुसते पैसे परत मिळतात त्याचा बाजार हातचा गेला, म्हणून त्याची जास्त. मला हे दुसरं तत्त्व अधिक न्याय्य वाटतं. पाच-सात वर्षांनी परत आलेल्या रकमेत त्याच गल्लीत तेवढंच घर मिळत नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. तसं ते सिद्ध करणंही फार अवघड नाही. त्या भागाचे त्या त्या वर्षीचे रेडी रेकनर दर सरकारच छापतं.

इथे एक कठीण जागा आहे, आणि ती आधीच माहीत असावी. कलम १८ मध्ये प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या ग्राहकाला परतावा, व्याज आणि भरपाई असं तिन्ही सांगितलं आहे. प्रकल्पातच राहणाऱ्यासाठी ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज सांगितलं आहे आणि तेवढ्यावरच ते वाक्य संपतं. म्हणून घर नको म्हणणाऱ्याचा भरपाईचा दावा सरळ चालतो. घर हवंच म्हणणाऱ्याने नुसत्या उशिराबद्दल वर भरपाई मागितली तर त्याला वादाला तोंड द्यावं लागतं. त्याने करारातल्या इतर बंधनांकडे बोट दाखवावं, खोट्या जाहिरातीकडे, बदललेल्या नकाशाकडे, न दिलेल्या सुविधांकडे. ‘राहायचं की निघायचं’ हा निर्णय अर्ज लिहिण्याआधी व्हायला हवा. सुनावणीच्या दिवशी ‘साहेब, जे जास्त मिळेल ते द्या’ म्हणणारे मी पाहिले आहेत. त्यांना बहुधा कमी मिळतं.

अर्ज करण्याचं काम आता पूर्ण ऑनलाइन आहे. प्राधिकरणासाठी फॉर्म ए, न्यायनिर्णायक अधिकाऱ्यासाठी फॉर्म बी, प्रत्येकी शुल्क पाच हजार रुपये. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, वाटपपत्र, करारनामा, पावत्या, पत्रव्यवहार जोडायचा. नोंदणीच न केलेल्या प्रकल्पाविरुद्धही तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. स्वतः उभं राहता येतं, सनदी लेखापालालाही उभं करता येतं. मी वकील असून हे सांगतो, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी. दोन्ही बाजू तयार असतील तर सलोखा मंचाकडेही जाता येतं. तिथे ग्राहक संघटनेचा एक आणि विकासकांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी बसतो. ज्यांना भांडणापेक्षा किल्ली हवी आहे, त्यांनी तो रस्ता आधी पाहावा. भरपाईचा अर्ज साठ दिवसांत निकाली काढावा, नाहीतर उशिराची कारणं नोंदवावीत, असं कायदा म्हणतो. ती कारणं बरीच नोंदवली जातात, एवढंच म्हणतो.

एकच तक्रार दोन ठिकाणी चालवता येत नाही, पण कुठे जायचं ही निवड ग्राहकाची आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. मनस्ताप आणि सेवेतली कसूर हाच गाभा असेल तर माझा कल आयोगाकडे असतो. तारीख आणि पैसे हा गाभा असेल तर महारेराकडे.

आदेश मिळाला की पेढे वाटले जातात, आणि खरी कसोटी तिथून सुरू होते. बिल्डर साठ दिवसांत अपिलात जाऊ शकतो. कायद्याने इथे एक चांगली तजवीज केली आहे. ग्राहकाला द्यायची पूर्ण रक्कम, व्याज आणि भरपाईसह, अपील न्यायाधिकरणाकडे आधी जमा केल्याशिवाय त्याचं अपील ऐकलंच जात नाही. न्यूटेकमध्ये या अटीलाही आव्हान दिलं होतं आणि ते फेटाळलं गेलं. पण जो बिल्डर अपिलातही जात नाही आणि पैसेही देत नाही, त्याचं काय? तिथे कलम ४० लागतं. रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची. महारेरा वसुली वॉरंट काढतं, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदाराकडे. तहसीलदाराच्या टेबलावर शेतसारा आहे, निवडणूक आहे, पूर आहे, पंचनामे आहेत, दाखल्यांची रांग आहे. त्यात एका ठाण्याच्या की पनवेलच्या फ्लॅटवाल्याचं वॉरंट कुठे बसणार? हा कायदा आदेशापर्यंत तगडा आहे आणि आदेशानंतर पांगळा, हे माझं स्पष्ट मत आहे.

ग्राहकाने इथे हातावर हात धरून बसू नये. वॉरंटसोबत बिल्डरच्या मालमत्तेची यादी स्वतः जोडावी. न विकलेले फ्लॅट महारेराच्या प्रकल्प-पानावर दिसतात, जमिनी सातबारावर, कंपनीची माहिती कंपनी निबंधकाकडे. जप्त काय करायचं हे तहसील कार्यालयाला माहीत नसेल तर वॉरंट फायलीतच राहतं. शिवाय घाईही करावी. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की स्थगिती लागते आणि वसुली थांबते. तिथे २०१८ पासून घरग्राहकांना वित्तीय धनकोचा दर्जा आहे. रेराचा आदेश हाती असलेल्या ग्राहकाला त्या आदेशामुळे खालच्या वर्गात ढकलता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. पण त्या रांगेत बँकाही उभ्या असतात, हे विसरू नये.

सरकारकडे माझी मागणी मोठी नाही. ज्या जिल्ह्यांत वॉरंटं जास्त आहेत, तिथे या वसुलीपुरता स्वतंत्र अधिकारी कायमचा द्यावा, आणि कोणत्या वॉरंटवर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली ते महारेराच्या पानावर आदेशाशेजारीच छापावं. आज आदेश तिथे वाचता येतो, पुढे त्याचं काय झालं ते वाचता येत नाही.

आणि या सभागृहातल्या ज्यांचं घर अडकलं आहे, त्यांना विनंती. भाडं उद्यापासून बँकेतून द्या, करार नोंदवा, बिल्डरशी फोनवर जे बोलाल ते त्याच दिवशी ईमेलने कळवा, जाहिरातीची पुस्तिका रद्दीत घालू नका. फॉर्म बी भरताना त्रासाच्या रकमेआधी नुकसानीचा तक्ता लिहा, तारीख, रक्कम आणि पुराव्याचा पान क्रमांक घालून. तक्ता करायला अडचण येत असेल तर कागद घेऊन या. व्याख्यान संपल्यावर मी मागच्या खोलीत बसणार आहे.